ब्रेक नसतो

स्वारगेटच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं
मी बसच्या पोटाखाली झोपून काढली.
ब्रेक लायनर हे माझं खातं.
निवृत्तीच्या पैशातून मोरी दुरुस्त झाली, धाकटीचं लग्न उरकलं,
उरल्यासुरल्यात तारकर्लीहून आणला
दोन हंगाम खाऱ्या पाण्यात राबलेला,
सीट उसवलेला, पिवळा जेट स्की.
बायको म्हणाली, "ठेवणार कुठे?"
इतकंच. हसली असती तर बरं झालं असतं.

रविवारी, उजाडायच्या आत,
झुंबरच्या टेंपोला ट्रेलर जोडून
येरवड्याच्या बाजूच्या घाटावर उलटे उतरलो.
"येऊ दे, येऊ दे, डावीकडे काप, बास!"
चाकं पाण्यात. पाणी काळं, वर फेस,
आणि तो वास, ज्याचं नाव पुण्यात कुणी काढत नाही,
पाहुणे आले की गुपचूप खिडकी लावतात.
फिरायला निघालेले एक गृहस्थ थांबले,
कानटोपी सारखी केली:
"परवानगी आहे का?"
म्हटलं, "नदीची?"
"महापालिकेची."
आणि चेहरा नीट बघून घेऊन पुढे गेले.

मनगटाला लाल दोरी. माणूस पडला की दोरी सुटते, इंजिन बंद.
अंगात जाकीट, पोटावर बंद लागेना.
बटण दाबलं.
आधी खोकला, मग निळा धूर, मग

बगळे उठले! बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं बसून राहिलेलं पाणी
माझ्या ढुंगणाखालून पेटून मागे उडालं,
डोळ्यांत आलं, तोंडात आलं (थुंकलो, पुन्हा आलं),
पुलावर एक रिक्षा थांबली,
आणि मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही.
एकसष्ट वर्षं या गावात पूल ओलांडले,
खालून एकही बघितला नव्हता.
ओल्या दगडी कमानी, सांध्यात उगवलेला पिंपळ,
पुराच्या जुन्या खुणा, चढत गेलेल्या.
पोटाखालून बघावं तेव्हाच ओळख पटते,
बस असो, पूल असो.

मग समोर जलपर्णीचं अख्खं शेत.
तारकर्लीच्या पोराने बजावलं होतं:
काका, याला ब्रेक नसतो. वळायचं तर गॅस द्यायचा.
घाबरून अंगठा सोडलात तर हँडल नुसतं फिरतं,
गाडी जायची तिथेच जाते.
हे मला कळलं होतं. अंगठ्याला कळलं नव्हतं.
एकतीस वर्षांचा अंगठा तो. सुटला.

हिरव्यात घुसलो. जाळीत काहीतरी ओढलं गेलं,
घरघर, आणि शांत.
इतकी शांतता की लांबून
संगमाकडून आगगाडी पुलावर चढल्याचं ऐकू आलं.

ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं आवरणारा मल्हारी परदेशी
हाताने वल्हवत जवळ आला.
"काका, ब्रेक नाय का ह्याला?"
"नाही."
"मग वळतं कसं?"
"दाबलं की वळतं."
"आन् सोडलं की?"
"सोडलं की असं."
तो बराच वेळ हसला. मग त्याने दोर बांधला.
शंभर घोड्यांचं यंत्र, पुढे एक माणूस, त्याचे दोन तळवे.
वाटेत सांगत होता, चिलापी मिळते अजून,
गिऱ्हाईक कुठली विचारत नाय, आपण सांगत नाय.
पैसे घेतले नाहीत. जाकीट मागितलं. दिलं.
त्याला बंद लागले.

घाटावर आडवा झालो, जुन्या सवयीने पोटाखाली,
जाळीत हात घातला:
जलपर्णीच्या मुळ्यांचा झुबका,
दुधाची पिशवी,
हिरव्या खणाचा तुकडा, आणि त्याला गुंडाळलेली
हाराची दोरी, गाठ अजून शाबूत.
गाठ सोडवत बसलो. झुंबर हॉर्न वाजवत होता.
कुणीतरी हात जोडून सोडली असणार ती,
कापवेना.

सोमवारी नाना पेठेत स्कूटरसमोर
बस आडवी आली. पाय ब्रेकवर गेला, नीट.
उजवा अंगठा मात्र
रिकाम्या मुठीवर काहीतरी दाबत राहिला.
बसचं लायनर संपत आलंय.
आवाजावरून कळलं.